पालखीचा मागचा डावा भोई

पशेदू गिलावा करायचा. राजाचं कायमचं घर, म्हणजे त्याचं थडगं, डोंगराच्या पोटात खोदलं जात असे. दगडफोडे पुढे सरकले की मागून पशेदू टोपली आणि थापी घेऊन यायचा, भिंतीतले खाचखळगे बुजवायचा, डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवायचा आणि चित्रकारांना म्हणायचा, "या, बसवा तुमचे देव." मग त्या भिंतीवर देव बसत, गायी उमटत, नावा निघत, आणि पशेदूचं काम कायमचं झाकलं जाई. त्याचं त्याला काही वाटत नसे. फारसं काही वाटून न घेण्याचाच त्याचा स्वभाव होता. बायको हुनेरो म्हणायची, "याच्या अंगात रक्त नाही, चुन्याचं पाणी आहे."

आठ दिवस डोंगरावरच्या झोपड्यांत राहून काम, मग दोन दिवस घरी. हजेरी ठेवायला लेखनिक हरशिरे होता. कोण आला, कोण नाही आणि का नाही, ते तो रोज खापरीवर लिहायचा. तीस वर्षांत पशेदूच्या नावापुढे ज्या नोंदी पडल्या त्यांवरून त्याचा सगळा संसार सांगता येईल. 'बायको बीअर गाळते आहे, मदतीला घरी.' 'विंचू.' 'थोरल्या मुलीचं बाळंतपण.' 'डोळे आले.' 'छप्पर गळालं.' पुन्हा 'विंचू.' आणि एकदा नुसतंच, 'बायकोशी भांडण.' ही शेवटची नोंद गावात सगळ्यांनी वाचली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना हुनेरोनं स्वतः सांगितली.

पण वर्षातून चारपाच वेळा हाच पशेदू ताठ चालायचा. तो देवाच्या पालखीचा भोई होता.

गावचा देव म्हणजे फार पूर्वीचा राजा. त्यानंच हे गाव वसवलं, असं म्हातारे सांगत. मेल्यावर तो देव झाला, पण मोठ्या देवळांतल्या देवांसारखा शिष्ट झाला नाही. गावातली भांडणं तोच सोडवायचा. सणाच्या दिवशी त्याची मूर्ती पालखीत बसवून आठ जण खांद्यावर घेत. ज्याला जे विचारायचं ते त्यानं पालखीसमोर उभं राहून मोठ्यानं विचारायचं. पालखी पुढे आली की होय, मागे गेली की नाही. गाढव कुणाचं, कुदळ कुणी चोरली, भिंत कुणाच्या हद्दीत, सगळं असंच ठरे. आणि एकदा ठरलं की मुकादमाची काय, वजिराचीही त्यावर बोलायची टाप नव्हती.

आठही भोई गावातलेच कारागीर. आधी तीन दिवस मासे बंद, बायको बंद. मग डोकं, भुवया, छाती, सगळं वस्तऱ्यानं साफ करायचं आणि धुतलेलं पांढरं वस्त्र नेसायचं. मासे सोडणं पशेदूला फार जड जाई. बाकीच्याबद्दल हुनेरो म्हणायची, "तेवढीच मलाही विश्रांती."

पशेदूची जागा मागच्या डाव्या टोकाला. त्याच्या शेजारी, मागच्या उजव्या टोकाला, काहा. काहा दगडफोड्या, दारासारखा रुंद, आणि आवाज असा की बोलला तरी खडी पडल्यासारखं वाटे. बावीस वर्षं दोघं खांद्याला खांदा लावून देव उचलत होते. कुणी किती कांदा खाल्लाय हे एकमेकांना श्वासावरून कळत असे.

पशेदूच्या मनात एक गोष्ट होती. ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती, हुनेरोलाही नाही. भोई झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी एका शेळीच्या चोरीचा प्रश्न देवापुढे आला. चोर कोण ते पशेदूला ठाऊक होतं, कारण आदल्या दिवशी त्या घरावरून जाताना त्याला भाजलेल्या मटणाचा वास आला होता. नावं वाचली जाऊ लागली, त्या माणसाचं नाव आलं आणि पालखी झपकन पुढे गेली. चोरानं तिथंच कबुली दिली. सगळे देवाला धन्य म्हणू लागले. पशेदू मात्र आठवडाभर जेवला नाही नीट. देव पुढे गेला, का मी गेलो? खांद्यावरचं ओझं जड होतं आणि आपसूक पाय निघतो, हे खरं. पण तो पाय कुणाचा?

तेव्हापासून दांड्याखाली उभा असताना तो डोकं रिकामं ठेवायचा. कोण विचारतोय, काय विचारतोय, इकडे लक्षच द्यायचं नाही. मनातल्या मनात गिलावा कालवायचा: तीन टोपल्या चुनखडी, एक टोपली बारीक भुसा, पाणी बेताबेतानं. अशी त्यानं अठ्ठावीस वर्षं काढली.

आणि मग ते रिकामं थडगं सापडलं.

झालं असं, की वाळूचं मोठं वादळ होऊन गेल्यावर पशेदू आणि काहा कामावरून परत येत होते. गावाच्या वरच्या उतारावर, जिथे सगळ्यांची कायमची घरं आहेत, तिथे पशेदूचा डावा पाय एकाएकी मांडीपर्यंत जमिनीत गेला. काहानं त्याला काखेत धरून मुळ्यासारखा उपटला. खाली बघतात तो दगडी पायऱ्या! वाळू उपसली. आत एक खोली निघाली, सरळ भिंतींची, कोरडी, पूर्वेला तोंड असलेली. कुणाच्या तरी घराण्यानं खोदली होती, आणि ते घराणं तीन पिढ्यांपूर्वीच संपलं होतं. आत फुटकं मडकं आणि मेलेलं वटवाघूळ, एवढीच वस्ती.

"माझं," पशेदू म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच त्यानं हा शब्द इतक्या चटकन उच्चारला असेल.

"तुझं कसं?"

"पाय माझा गेला."

"आणि काढला कुणी? मी नसतो तर तू तिथेच राहिला असतास. मग वादच नव्हता, राहा की सुखानं."

काहाचंही खरं होतं. दोघांनाही कायमचं घर नव्हतं. काहा आयुष्यभर दुसऱ्यांची खोदत आला, आणि स्वतःचं पुढच्या हिवाळ्यात सुरू करू म्हणता म्हणता त्याची दाढ पडायची वेळ आली. पशेदूनं दोनदा खोदायला घेतलं. एकदा भुसभुशीत दगड लागला आणि एकदा छप्पर बसलं. वडिलांच्या थडग्यात जागा नव्हती. वडिलांनी दोन बायका केल्या होत्या, आणि मोठा भाऊ मरताना आपल्या शवपेटीबरोबर खुर्च्याही घेऊन गेला होता.

घरी बातमी सांगितली तेव्हा हुनेरो मसूर निवडत होती. तिचा हात थांबला.

"कोरडी आहे?"

"कोरडी."

"छप्पर?"

"वाजवून बघितलं. एकसंध आहे."

 हुनेरोची आई शेतावर राबणारी होती. गेली तेव्हा चटईत गुंडाळून वाळवंटाच्या कडेला पुरली. महिन्याभरानं हुनेरो भाकर ठेवायला गेली तर कोल्ह्यांनी जमीन उकरलेली, आणि चटईचा एक तुकडा झुडपात अडकलेला. शरीर राहिलं नाही तर पलीकडे जाणारं कोण? परतणार कुठे? त्या दिवसापासून हुनेरोला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: दगडाची चार भिंतींची खोली, जिला दार लावता येईल. नवरा राजांच्या खोल्या चोपडून येई आणि हिच्या डोळ्यांपुढे चटई. त्यावरून ती तीस वर्षं टोमणे मारत आली होती, आणि पशेदूला वाटायचं, ही छपराबद्दल बोलते आहे.

"देवालाच विचारायचं ठरलंय," पशेदू म्हणाला. "सणाच्या पहिल्या दिवशी. मी विचारायचं, मग काहानं. म्हणजे हरशिरे विचारेल आमच्या वतीनं. आम्ही दांड्याखालीच असणार."

"दोघंही?"

"बदली माणूस नाही. तीन दिवसांचं व्रत आम्ही आठच जण करणार. आमच्यातल्या नखेमला विंचू चावला तेव्हा राखीव होता तो आधीच घेतलाय. आम्ही दोघांनी शपथ घ्यायची, की ढकलणार नाही."

हुनेरोनं मसूर निवडायचं सूप बाजूला ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

"हे बघ. तू मागे असतोस ना?"

"मागे डावीकडे."

"मग मागून थोडं... खांद्यानं... इतकुसं." तिनं बोटांमध्ये कांद्याच्या पातीएवढं अंतर दाखवलं.

"हुनेरो!"

"देवाला काय राग येणार आहे? त्याला स्वतःला केवढं मोठं घर आहे. त्याला कळत नसेल, घर नसणं म्हणजे काय ते?"

"मी शपथ घेणार आहे."

"हात ढकलणार नाहीत अशी घे. खांद्याचं नाव काढू नकोस."

पशेदू उठून छपरावर जाऊन बसला. तीन दिवस व्रताच्या नावाखाली तो तिथेच झोपला, आणि हुनेरो खालून मोठ्यानं शेजारणीला सांगत राहिली, की काही बायकांच्या नशिबी दगड येतो आणि काहींच्या नशिबी दगडासारखा नवरा.

हिवाळी पिकांच्या तिसऱ्या महिन्याचा एकोणतिसावा दिवस. सकाळी झांजा वाजल्या, पालखी देवळातून निघाली, गावाच्या एकुलत्या एका रस्त्यानं उत्तरेच्या वेशीबाहेर आली. बायका नवे केसांचे टोप घालून आल्या होत्या. बीअरच्या घागरी सावलीला लावल्या होत्या, आणि काही जणांनी त्यांची चौकशी सकाळीच सुरू केली होती. किरकोळ प्रश्न आधी झाले. एका म्हातारीचा जावई तिला भेटायला येईल का? नाही. एकाचं गाढव शेजाऱ्यानं लंगडं केलं का? होय. पशेदूच्या डोक्यात चुनखडी, भुसा, पाणी.

मग हरशिरेनं घसा साफ केला.

"देवा, आमच्या राजा! उतारावरचं मोकळं घर गिलावा करणाऱ्या पशेदूचं का?"

चुनखडी, भुसा... पण आपलंच नाव कानावर पडल्यावर चुनखडी कुठली राहायला? पशेदूला जाणवलं, की आपल्याला ते घर हवंय, पायाच्या नखापासून हवंय, आणि ते हवंसं वाटणं आता खाली टाचेत उतरणार. पालखी जरा जरी पुढे सरली तर ती आपणच ढकलली असणार. घाबरून त्यानं टाचा वाळूत रोवल्या आणि दांडा मागे ओढला.

शेजारी काहाच्या मनात नेमकं तेच चाललं होतं, फक्त उलट्या बाजूनं. तोही शपथ घेऊन आला होता. पालखी मागे गेली तर गाव म्हणणार, काहानं ओढली, मत्सरानं. तेव्हा काहानं सगळा प्रामाणिकपणा एकवटून दांडा पुढे रेटला. काहाचा प्रामाणिकपणा म्हणजे दोन बैलांचं काम.

पालखीची डावी बाजू मागे आणि उजवी पुढे. देव गर्रकन डावीकडे वळला. उरलेल्या सहा भोयांना वाटलं देवच वळतोय, म्हणून तेही वळले. देवाची पाठ लोकांकडे आणि तोंड वाळवंटाकडे झालं, आणि तिथे तो थांबला.

 झांजवाल्याच्या हातून झांज पडली.

"हे होय का नाही?" मागून कुणीतरी विचारलं.

"देव रुसला," एक बाई म्हणाली.

"रुसला नाही, तिकडे काहीतरी दाखवतोय."

"तिकडे काय आहे? उकिरडा आहे."

हरशिरे बोरू हातात धरून उभा होता. चाळीस वर्षांत त्यानं 'देव पुढे आला' आणि 'देव मागे गेला' याखेरीज तिसरं वाक्य लिहिलं नव्हतं. शेवटी त्यानं ठरवलं, दुसरा प्रश्न विचारून टाकावा.

"देवा, मग ते घर दगडफोड्या काहाचं का?"

आता काहा घाबरला आणि त्यानं मागे ओढलं. पशेदूला वाटलं, आता मी अडवलं तर मी माणूस म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही. त्यानं दात चावून पुढे रेटलं. देव गर्रकन उजवीकडे वळला आणि होता तसा पुन्हा लोकांसमोर येऊन उभा राहिला.

आता मात्र हसू फुटलं. पोरं गोल गोल फिरू लागली. काहाची बायको वेबखेत कपाळ बडवून म्हणाली, "बावीस वर्षं या माणसाला सरळ चालता येतं अशी माझी समजूत होती!"

हुनेरो हसली नाही. ती पुढे उभी होती आणि तिनं दोनच गोष्टी बघितल्या होत्या, पहिल्या प्रश्नाच्या वेळच्या नवऱ्याच्या टाचा आणि दुसऱ्या प्रश्नाच्या वेळच्या. वाळूत दोन खड्डे पडले होते. ती तिथूनच ओरडली, "अरे, मागे ओढलंस? मी पुढे सांगितलं आणि तू मागे?"

"गप्प बसा, बाई," हरशिरे म्हणाला. "देवानं दोघांनाही दिलं नाही असंच दिसतंय. तेव्हा ते घर मोकळं. मुकादमाला कळवतो, पायऱ्यांवर पुन्हा वाळू टाकतील." त्यानं खापरी पुढे ओढली.

पुन्हा वाळू. हुनेरोनं केसांचा टोप सरळ केला आणि पालखीच्या समोर येऊन उभी राहिली.

"लिहू नका. मला विचारायचंय."

"काय विचारणार?"

"घर माझं का, ते."

"तुमचा नवरा भोई आहे, त्याचा निकाल झाला."

"त्याचा झाला. माझा कुठे झाला? माझा माग माझा आहे, आईचा तांब्याचा आरसा माझा आहे. हे घर माझं का असू नये? आणि नवरा मदत करील अशी भीती असेल तर सगळ्या गावानं आत्ता बघितलंय, तो माझं किती ऐकतो ते."

बायकांमधून पसंतीचा गलका उठला. हरशिरेला हरकत सापडेना. हुनेरोनं दोन्ही हात वर केले, आणि तिचा नेहमीचा घरभर जाणारा आवाज कुठे गेला कोण जाणे, ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "देवा, मला वाळूत जायचं नाही. ते घर हुनेरोचं का?"

पशेदूला चुनखडीही आठवली नाही आणि टाचाही आठवल्या नाहीत. काहा तर अजून तोंड वासूनच होता. ओढायचं का रेटायचं हे ठरवायला दोघांपैकी कुणालाच वेळ मिळाला नाही. खांद्यावरचं ओझं एकदम जड झालं, जसं ते होतं तसं, आणि पालखी पुढे निघाली. एक पाऊल, दोन, तीन. पुढचा भोई हुनेरोच्या अंगठ्यावर पाय देता देता थांबला.

"देव पुढे आला," हरशिरेनं सुटकेचा श्वास टाकत लिहिलं.

पालखी उतरल्यावर काहा हुनेरोकडे आला. घागरीतली पहिली बीअर त्याच्या पोटात गेली होती, त्यामुळे राग निम्म्यावर आला होता.

"वहिनी, पायऱ्या मी उपसल्यात."

"मग? भिंतीपलीकडे दगड आहे आणि तू दगडफोड्या आहेस. तिथं आपली खोली फोड आणि नीज. दार एकच वापरू. फक्त फोडायचं असेल तर या वर्षी. पुढच्या हिवाळ्यात नाही."

"म्हणजे तिकडेही तुमचं बोलणं ऐकायचं?"

"भिंत जाड ठेव," वेबखेत म्हणाली. "आणि वहिनींचे आभार मान."

दुसऱ्या दिवशी, सणाची बीअर डोक्यातून उतरायच्या आत, हुनेरो नवऱ्याला घेऊन उतारावर गेली. पायऱ्या उतरून दोघं आत आले. पूर्वेच्या दारातून ऊन सरळ मागच्या भिंतीपर्यंत पडलं होतं. वटवाघूळ हुनेरोनं झाडूनं बाहेर काढलं. मग ती खाली पाठीवर आडवी झाली, हात छातीवर घेतले आणि छपराकडे बघत राहिली.

"ये. माप बघू."

पशेदू तिच्या डाव्या बाजूला आडवा झाला.

"तिकडे नाही. उजवीकडे. डाव्या कुशीवर मी वळते."

"पेटीत कशी वळशील?"

"माझं घर आहे. मी वळेन."

तो उठून उजवीकडे आला. त्याचे पाय भिंतीला टेकले. त्यानं ते जरा दुमडले.

"भिंतीवर माझं नाव आधी," हुनेरो म्हणाली. "मग तुझं. 'घराची मालकीण हुनेरो,' आणि खाली 'तिचा नवरा.'"

"नाव तरी घाल."

"बघू. गिलावा कसा करतोस त्यावर आहे."

तो हसला. तिनं हात पसरून दोन्हीकडचा दगड चाचपला, एकीकडे थंड, दुसरीकडे उन्हानं कोमट. 

"खरं सांग," ती म्हणाली. "तिसऱ्या वेळी तू ढकललंस?"

पशेदूनं विचार केला. अठ्ठावीस वर्षं तो हाच विचार टाळत आला होता, पण आज टाळावासा वाटला नाही.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "मी तुझ्याकडे बघत होतो."

"बघत होतास, तर माझ्या पायाकडे बघायचं. अंगठा थोडक्यात वाचला." आणि ती डाव्या कुशीवर वळली, तिथे नीट वळता येतं की नाही ते बघायला.